ईसीएम खराब आहे की उपाशी?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कशाला धरून आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. पेट्रोल गाडी. सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट होते. अर्धा-पाऊण तास चालली की बंद पडते, तीही झटके न देता, मिसिंग न करता, कुणी चावी फिरवल्यासारखी. मग सेल्फ जोरात फिरतो, हेडलाइट लख्ख असतात, पण इंजिन घेत नाही. वीस मिनिटांनी जणू काही घडलंच नाही अशी पुन्हा स्टार्ट होते. स्कॅनर कधी इंजिनच्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, जोडतो, कधी जोडत नाही. मेमरीत पी ०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड, शिवाय एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन सेन्सरांचे कोड. बॅटरी नवी टाकून झाली, क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीएमला सांगणारा) बदलून झाला, आणि आता ईसीएम बदला असा सल्ला मिळालाय.

ईसीएम बदलू नका. अजून तरी नाही. ज्या गाड्यांना 'ईसीएम गेलंय' म्हणून माझ्याकडे पाठवलं जातं, त्यातल्या बहुतेकांचं ईसीएम धडधाकट निघतं. त्याला पोटभर सप्लाय मिळत नसतो एवढंच. तुमची लक्षणं वाचून मला हाच संशय आहे. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, एकाच वेळी अनेक सेन्सर बोंबलतात, आणि स्कॅनरला उत्तर मिळत नाही. तीन सेन्सर एकाच दिवशी, एकाच मिनिटाला मरत नाहीत. त्या तिघांना जे सामाईक आहे, ते मरतंय.

'आम्ही सप्लाय तपासला, ईसीएमच्या पिनवर १२ व्होल्ट आहेत' असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांची चूक इथेच होते, म्हणून यावर जरा थांबतो. मल्टिमीटर व्होल्टवर असताना लाइनमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. समजा एखाद्या सॉकेटमध्ये गंज चढून तिथे १० किलोओहमचा अडथळा झालाय. त्याच्या पलीकडे मीटर ११.९९ व्होल्ट दाखवेल. तुम्ही म्हणणार, सप्लाय आहे. आता त्याच जागी ५ वॉटचा साधा बल्ब लावा. त्याला जेमतेम ०.४ अँपिअर लागतात, तरी तो पेटणार नाही. मीटरला व्होल्टेज दिसतं, पण त्यामागे करंट द्यायची ताकद आहे की नाही ते दिसत नाही. कंटिन्यूइटीच्या बझरचंही तेच. वीस तारांच्या वायरमध्ये एकच तार शिल्लक असली तरी बझर खणखणीत वाजतो, आणि इंजिन चालू होऊन ८-१० अँपिअर ओढायला लागलं की ती तार दम सोडते.

म्हणून सप्लाय तपासायचा तो लोडवर. ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) लागलेला, चावी ऑन, शक्यतो इंजिन चालू, आणि मीटरची टोकं अशी लावायची की किती व्होल्ट येतात यापेक्षा वाटेत किती व्होल्ट गळाले ते दिसावं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक ईसीएमच्या सप्लाय पिनवर. मधली वाट साफ असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहील. ०.२ व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. ०.५ दिसले की वाटेत काहीतरी आहे, आणि मग तो तुकडा पकडायला अर्धा तासही लागत नाही.

आता ईसीएमला सप्लाय कुठून कुठून येतो ते डोळ्यांसमोर आणा. पहिली लाइन बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट येते, चावी बंद असली तरी. दुसरी चावीमागची, ती आली की ईसीएम जागं होतं. तिसरी मेन रिलेतून, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचमधून, येते आणि खरा करंट तिच्यातून वाहतो. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सरचे हीटर, पर्ज व्हॉल्व्ह हे सगळे याच रिलेमागे असतात. आणि चौथं म्हणजे अर्थिंग, आपण त्याला अर्थ म्हणतो, करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वाट, जो एक नसून दोन, चार, कधी सहा पिनांवर असतो. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे दिसतात ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले. ३० हा बॅटरीचा कायम प्लस, ८५ आणि ८६ कॉइलची टोकं, ८७ बाहेर जाणारा सप्लाय. त्याच मानकात १५ म्हणजे चावीमागचा सप्लाय आणि ३१ म्हणजे अर्थ. आकडे प्रत्येक गाडीत छापलेले नसतात आणि रचनाही थोडीफार बदलते, म्हणून त्या गाडीची वायरिंग डायग्राम समोर असल्याशिवाय पिनला हात लावू नका.

मेन रिलेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. पुष्कळ गाड्यांत हा रिले ईसीएम स्वतःच ओढतं. कॉइलच्या एका टोकाला प्लस असतो, दुसऱ्या टोकाला ईसीएम आतून अर्थ देतं. म्हणजे चावीचा सिग्नल आला, ईसीएम जागं झालं, त्याने रिले ओढला, आणि त्या रिलेतून त्यालाच मुख्य सप्लाय मिळाला. चावी बंद केल्यावरही काही सेकंद तो रिले धरून ठेवला जातो, कारण शिकलेल्या गोष्टी मेमरीत लिहायच्या असतात. चावी काढल्या काढल्या बॅटरीची वायर सोडू नये ते यासाठीच. चावीमागची लाइन आली नाही तर रिले ओढला जाणार नाही, आणि बघणारा म्हणेल 'ईसीएम रिले ओढत नाही, म्हणजे ईसीएम गेलं'. त्याला उठवायलाच कुणी आलं नव्हतं, हे तपासायचं राहून जातं.

सुरुवात मात्र बॅटरीपासूनच करा, नवी असली तरी. यात फार वेळ घालवायचा नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटरच्या हातात असतं, तिथे आकडा थोडा खालीवर होतो, त्याने दचकू नका. क्लॅम्प आणि बॅटरीचा खुंट यांच्यामध्येही मीटर लावून बघा, एक टोक खुंटावर आणि दुसरं क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारा. नवी बॅटरी, पण जुना सैल क्लॅम्प, हे मी बरेचदा पाहिलंय.

दुसरं काम स्कॅनरवर, तेही फुकटात होण्यासारखं. लाइव्ह डेटामध्ये 'कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज' अशी एक ओळ असते. ईसीएमला स्वतःच्या पोटात किती व्होल्ट मिळताहेत ते तिथे दिसतं. इंजिन चालू ठेवा, बॅटरीवर मीटर लावा आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बॅटरीवर १४.१ आणि ईसीएममध्ये १३.९ असेल तर सध्या वाट साफ आहे. बॅटरीवर १४.१ आणि ईसीएममध्ये ११.३ असेल तर निम्मं निदान झालं, पानाही उचलावा लागला नाही.

या फरकाने गाडी नुसती बंद पडते असं नाही, त्याआधी पेट्रोलही जास्त पिते. इंजेक्टरला सप्लाय दिला की सुई लगेच उघडत नाही, थोडा वेळ खाते, आणि व्होल्टेज कमी असेल तर जास्त खाते. म्हणून ईसीएम स्वतःला दिसणाऱ्या व्होल्टेजवरून इंजेक्टर किती जास्त वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतं. ईसीएमच्याच पिनवर वाट खराब असेल, पण इंजेक्टरला मात्र पूर्ण १४ मिळत असतील, तर ईसीएम समजतं की व्होल्टेज कमी आहे आणि विनाकारण जास्त पेट्रोल टाकतं. मिक्स्चर रिच होतं. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, इंजेक्टर साफ केले जातात, आणि दोष तसाच राहतो.

स्कॅनर ईसीएमला जोडतच नसेल तेव्हाही तो माहिती देत असतो. ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतो त्या) १६ नंबरच्या पिनवर बॅटरी प्लस असतो, ४ वर बॉडीचा अर्थ, ५ वर सिग्नलचा अर्थ. स्कॅनर स्वतःच चालू होत नसेल तर या तिघांकडे बघा, फ्यूज उडालेला असतो. स्कॅनर चालू होतो, एबीएस आणि एअरबॅगशी बोलतो, फक्त इंजिनचं ईसीएम उत्तर देत नाही, असं असेल तर ईसीएमचा सप्लाय आणि अर्थ आधी तपासा, कॅनच्या वायरी (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यांतून बोलतात त्या) नंतर. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चेक लाइट येते का आणि टाकीत पंपाचा एक-दोन सेकंदांचा गुणगुणणारा आवाज येतो का, तेही बघा. दोन्ही नसतील तर ईसीएम झोपलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. नव्या गाड्यांत चेक लाइट डॅशबोर्डचा क्लस्टर स्वतः लावतो, आणि प्रत्येक गाडीत पंप चावीवर वाजत नाही, म्हणून यावर एकट्यावर विसंबू नका.

आता तुमच्या गाडीसारख्याच एका गाडीची हकीकत सांगतो. तिचाही क्रँक सेन्सर बदलून झाला होता आणि मालक जुनं ईसीएम शोधत होता. थंड गाडीत सगळे आकडे चांगले आले. मी मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवतो तो) टाकला, लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक मेन रिलेच्या ८७ पिनेच्या वायरवर मागून बारीक पिन घालून, आणि गाडी उभ्या जागी चालू ठेवली. पंखा, ब्लोअर, हेडलाइट सगळं चालू. सुरुवातीला ड्रॉप ०.१५. दहा मिनिटांनी ०.६. पंचविसाव्या मिनिटाला २.८, आणि थोड्या वेळात इंजिन गप्प. रिलेला बोट लावलं तर चटका बसला. उपसून काढला, तर रिलेची ३० नंबरची पिन निळसर काळी पडलेली, आणि सॉकेटमधलं प्लास्टिक त्या एकाच खाचेभोवती तपकिरी होऊन किंचित वितळलेलं. रिले चांगला होता. सॉकेटच्या आतली मादी पिन सैल झाली होती, पकड गेली होती. त्या लाइनमध्ये साधारण ९ अँपिअर वाहत होते. २.८ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे २५ वॉट. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न किती तापतो ते तुम्हाला माहीत आहे. तेवढी उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तयार होत होती. पिन तापली की आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापते. गाडी थंड झाली की धातू पुन्हा टेकतो आणि सगळं सुरळीत दिसतं.

तिथे नवा रिले घातला असता तर दोन दिवस गाडी चालली असती, कारण काढ-घाल करताना पिन थोडी घासली जाते. मग पुन्हा तेच. सॉकेटमधली पिन नवी घातली, वायरचा शेवटचा काळवंडलेला तुकडा कापून टाकला, नवीन पिन नीट क्रिम्प केली, तेव्हा ड्रॉप ०.०८ वर आला आणि तिथेच राहिला. म्हणून रिले काढलात की आधी त्याच्या पिनांचा रंग बघा, चारही सारख्या चमकतात का. मग सॉकेट. तशाच रिलेची एक सुटी पिन प्रत्येक खाचेत घालून ओढून बघा. जिथे ती लोण्यातून निघावी तशी निघते, तिथे दोष आहे.

रिलेवर संशय असेल तर एक झटपट परीक्षा आहे. रिले काढा आणि सॉकेटच्या ३० आणि ८७ मध्ये फ्यूज असलेल्या वायरने जोड द्या. फ्यूज त्या लाइनला मुळात असतो तेवढ्याच अँपिअरचा, त्याहून मोठा नाही. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत जोड दिल्यावर स्टार्ट झाली तर दोष रिलेमध्ये, त्याच्या कॉइलच्या लाइनमध्ये किंवा रिले ओढणाऱ्या बाजूला. तरीही नाही झाली तर पुढच्या वायरीत, अर्थमध्ये किंवा भलतीकडेच. कॉइलचा रेझिस्टन्स १२ व्होल्टच्या साध्या रिलेत साधारण ६० ते १०० ओहम असतो. या रिलेच्या लाइनचे कोड पी ०६८५ पासून पुढे सुरू होतात. ०६८५, ०६८६, ०६८७ हे कॉइलच्या बाजूचे, ०६८९ आणि ०६९० हे बाहेर पडणाऱ्या सप्लायच्या बाजूचे. ०६९० आणि चावी बंद करूनही रिले सुटत नाही, रात्रीत बॅटरी बसते, असं असेल तर कॉन्टॅक्ट चिकटलेत.

आता अर्थ. इथे मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण लोक प्लस शोधत फिरतात आणि मायनसकडे कुणी बघत नाही. जेवढा करंट प्लसने आत जातो तेवढाच अर्थने बाहेर पडतो. एका बाजूची वाट अरुंद असली तरी परिणाम तोच. ईसीएमच्या अर्थ पिनेवर मागून बारीक पिन घाला, मीटरचं लाल टोक तिथे, काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही. मीटर मिलिव्होल्टवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, रेडिएटरचा पंखा सगळं चालू. चांगल्या गाडीत २० ते ५० मिलिव्होल्ट दिसतात. १०० च्या वर गेलं की मी अर्थचे बोल्ट सोडायला घेतो. आणि प्रत्येक अर्थ पिन वेगळी मोजा, कारण तीन चांगल्या आणि एक खराब असेल तर तीच नेमकी सेन्सरांची असू शकते.

अर्थ अर्धा व्होल्ट उचलला गेला तर काय बिघडतं? ज्या सेन्सरांचा अर्थ ईसीएममधूनच येतो, ते ईसीएमबरोबरच वर जातात, त्यांना फारसं कळत नाही. पण ज्याचा अर्थ इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या धातूतून आहे, त्याचं वाचन सरळ चुकतं. जुन्या पद्धतीचा एका वायरीचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये काम करतो. त्याच्या आणि ईसीएमच्या अर्थमध्ये ०.३ चा फरक पडला तर त्याचा आकडा निरुपयोगी झाला. सेन्सर चांगला, वायर चांगली, आकडा खोटा.

इंजिन ब्लॉकचा अर्थ वेगळा तपासा, सेल्फ मारताना. एक टोक ब्लॉकच्या कोऱ्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.३ च्या आत हवं. ब्लॉकला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी गंजली किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावर परत लावायची राहिली, तर सेल्फचे शंभराहून जास्त अँपिअर दुसरी वाट शोधतात. गिअर केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि इंजिनला बांधलेल्या ईसीएमच्या बारीक अर्थ वायरींतून. त्या वायरी एवढ्या करंटसाठी बनलेल्या नसतात. ईसीएमच्या आतल्या पट्ट्या जळतात त्या अशा. मग नवं ईसीएम घातलं तर तेही जाणार, आणि दोष मात्र एका वेणीदार पट्टीचा.

बॉडीच्या डेंटिंग-पेंटिंगनंतर सुरू झालेला दोष असेल तर सरळ अर्थच्या बोल्टांकडे जा. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या कड्याखाली) रंग गेलेला असतो. बोल्ट घट्ट लागतो, पण थिंबल रंगावर बसतं. सँडपेपरने कोरा धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, कसून आवळा, आणि वरून ग्रीस लावा. वरून. आधी ग्रीस लावून मग बोल्ट घालू नका.

सेन्सरांचे कोड आता घेऊ. मेन सप्लाय आणि अर्थ लोडवर चांगले निघाले, तरीही अनेक सेन्सर एकदम शून्य दाखवत असतील, तर ५ व्होल्टची लाइन बघा. ईसीएम आतल्या रेग्युलेटरमधून ५ व्होल्ट तयार करतं आणि थ्रॉटल, मॅप, एसीचा प्रेशर सेन्सर, कधी कॅमचा सेन्सर अशांना एकत्र वाटतं. एका सेन्सरच्या आत शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात. पी ०६४१ ते ०६४३ आणि ०६५१ ते ०६५३ हे या लाइनचे कोड. कुठल्याही तीन वायरींच्या सेन्सरवर मीटर लावा आणि आकडा दिसेल असा ठेवून एकेका सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. एसीचा प्रेशर सेन्सर विसरू नका. इंजिन बंद पडतंय म्हटल्यावर एसीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सगळे कपलर काढूनही ५ आले नाहीत तर बॅटरी सोडा, ईसीएमचा कपलर काढा आणि त्या वायरीचा अर्थशी रेझिस्टन्स मोजा. शॉर्ट असेल तर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात), नसेल तर ईसीएमच्या आत. या लाइनवर टेस्ट लॅम्प लावू नका, बल्बचा करंट तिला झेपत नाही.

फ्यूज उडणारी गाडी हा वेगळा प्रकार आहे, पण लक्षणं सारखीच दिसतात. एका गाडीत इंजिनचा १५ अँपिअरचा फ्यूज आठवड्यातून दोनदा उडायचा, चढावर, पूर्ण ताकद लावली की. उडाला की इंजिन बंद. कुणीतरी ३० चा घालून दिला होता. तो मी आधी काढला, कारण वायरी १५ साठी आहेत आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी हार्नेस जळाला असता. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब जोडला. पुढच्या वायरीत कितीही शॉर्ट झाला तरी असा बल्ब पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊ देत नाही. चावी ऑन केल्यावर तो मंद पेटला, तेवढा लोड असतोच. मग हार्नेस हलवत गेलो, आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ लाकडी काठीने वायर ढकलली तसा बल्ब भपकन पूर्ण उजेडाने पेटला. मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची वायर क्लिपमधून निसटून मॅनिफोल्डच्या ढालीला टेकत होती. इन्सुलेशन एका बाजूने नखाएवढं वितळलं होतं. चढावर ताकद लावली की इंजिन त्याच्या माउंटवर थोडं वळतं, तेवढ्याने तांबं ढालीला लागायचं. हीटरचा आणि मेन सप्लायचा फ्यूज एकच होता, म्हणून हीटरच्या वायरीने अख्खं इंजिन झोपवलं.

तुमच्यासारखा मधूनमधून येणारा दोष पकडायला त्याला यायला भाग पाडावं लागतं. मीटर मिन-मॅक्सवर ठेवा आणि हार्नेसचा एकेक हात लांबीचा तुकडा हलवत जा. सगळा हार्नेस एकदम झटकलात तर कुठल्या तुकड्याने आकडा उडाला ते कळणार नाही. उष्णतेचा संशय असेल तर हीट गनने रिले बॉक्स हळूहळू तापवा, लांबून, प्लास्टिक मऊ पडणार नाही इतपत. पावसात बंद पडणाऱ्या गाडीवर पाण्याचा बारीक फवारा. ईसीएमचा कपलर उघडून पिनांवर हिरवा गंज दिसला तर पाणी कपलरच्या तोंडातूनच शिरलं असेल असं नाही. वायरच्या तारांमधल्या फटींतून ते केशाकर्षणाने दूरच्या सेन्सरकडूनही चालत येतं, त्यामुळे त्या वायरीचं दुसरं टोकही उघडून बघा.

चावीचा स्विच राहिला. आतले कॉन्टॅक्ट झिजले की चावीमागची लाइन मधूनच तुटते. इंजिन चालू असताना चावी किंचित खाली-वर हलवा. जड जुडगा लटकवलेल्या गाड्यांत हा दोष जास्त दिसतो. आणि चावीच्या लाइनवर कुणी अलार्म, ट्रॅकर किंवा चोरी रोखणारा कट-ऑफ बसवलाय का ते बघा. डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळलेला सांधा दिसला की बाकी सगळं सोडून मी तो आधी उघडतो.

अल्टरनेटरचा डायोड गेला असेल तर डीसीवर १४ व्होल्ट छान दिसतात आणि तरी ईसीएम बावचळतं, क्रँकच्या सिग्नलमध्ये गोंधळ येतो. मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर मोजा, लोड चालू ठेवून, १,५०० ते २,००० आरपीएमला. अर्धा व्होल्ट एसी म्हणजे अल्टरनेटर उतरवा.

हे सगळं करताना काही गोष्टी अजिबात करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर बघणं' ही जुनी सवय सोडा. बॅटरी अचानक निघाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळू शकतं, आणि ते शोषायला बॅटरी नसते. ईसीएमच्या कपलरमध्ये पुढून जाड प्रोब खुपसू नका. मादी पिन फाकते आणि जो दोष नव्हता तो तुम्ही तयार करता. वायरीचं इन्सुलेशन सुईने टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात गंज शिरतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला लॅम्प किंवा मीटर लावू नका. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आधी सोडा.

एवढं सगळं लोडवर तपासून प्रत्येक सप्लाय भरलेला आणि प्रत्येक अर्थ साफ निघाला, चावीचा सिग्नल पोहोचतोय, आणि तरीही ईसीएम रिले ओढत नाही किंवा ५ व्होल्ट देत नाही, तर मग ईसीएम म्हणा. बदलण्याआधी ते ईसीएम त्या गाडीला आणि इमोबिलायझरला (चावी ओळखून गाडी सुरू होऊ देणाऱ्या यंत्रणेला) जुळवून कोण देणार तेही ठरवून ठेवा, नाहीतर चांगलं ईसीएम घालूनही गाडी स्टार्ट होणार नाही.

तुमच्या गाडीत मी मेन रिलेच्या सॉकेटपासून सुरुवात करेन, मग चावीचा स्विच, मग ईसीएमचे अर्थ. उद्या थंड गाडीतच तीन ठिकाणी मागून पिना घालून वायरी बाहेर काढून ठेवा: रिलेचा ८७, ईसीएमची चावीमागची पिन, ईसीएमची अर्थ पिन. तिन्हींना टेप लावा, एकमेकांना किंवा बॉडीला टेकू देऊ नका. मग गाडी उभ्या जागी तापवा. बंद पडली की चावी ऑनच ठेवा, रिले काढू नका, काही हलवू नका. पहिल्या दोघांचं बॅटरीच्या प्लसशी आणि तिसऱ्याचं मायनसशी व्होल्टेज मोजून लिहून घ्या. रिलेचा आकडा पूर्ण १२ च्या आसपास आला तर रिले सुटलेला आहे किंवा तिथली वाट पूर्ण तुटली आहे, मग कॉइलच्या दोन्ही टोकांचंही मोजा. हे आकडे मला कळवा. गाडी पुन्हा स्टार्ट झाल्यानंतरचे नकोत, बंद असतानाचेच हवेत.